कानातलं

आमच्या शहराने संसदेत आजवर बरेच वकील पाठवले, एक डॉक्टर पाठवला, आणि एकदा लिलाव पुकारणारा माणूस पाठवला. वकिलांची तैलचित्रं नगरवाचनालयात आहेत. लिलाववाल्याचं नाही, कारण चित्रकारापुढे तो गप्प बसेल याची कोणी खात्री देईना.

त्यांना सगळे कर्णा म्हणत. सभेच्या वेळी खांबाला बांधतात तो कर्णा. फळांच्या घाऊक बाजारात उजाडायच्या आधी त्यांचा आवाज सुरू व्हायचा आणि शेवटची पेटी उचलली गेल्यावरही चालूच राहायचा, कारण माल संपला म्हणून बोलणं संपवावं असं त्यांना कधी वाटलं नाही. निवडून आल्यावर लोकांनी टोपणनाव बदललं नाही. आदर म्हणून त्याला साहेब जोडलं आणि कर्ण्याचे कर्णेसाहेब झाले. ते निवडून आले तेही आवाजावरच. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी चौकातली वीज गेली. समोरचे उमेदवार एक वकील होते, ते माइक बंद पडल्यावर खाली बसले. कर्णेसाहेबांना माइक बंद पडल्याचं कळलंच नाही.

पण पुकारा करणाऱ्याचं खरं काम आवाजाचं नसतं. लिलाव सुरू होण्याआधी बागायतदार जवळ येतो आणि कानात एक आकडा सांगतो. याच्या खाली माल सोडायचा नाही, असा तो आकडा. बाजारात त्याला 'कानातलं' म्हणतात. म्हणजे बागायतदार म्हणतात, पुकारणारा म्हणतो, आणि वजन करणारा मापाडी म्हणतो. व्यापाऱ्यांना हा शब्द माहीत नसतो. माहीत झाला तर ते आकडा शोधू लागतील, आणि व्यापारी शोधू लागला की आकडा पुकारणाऱ्याच्या भुवईवरूनही वाचतो. म्हणून पुकारणाऱ्याने इतकं बोलायचं असतं, की न बोललेली गोष्ट त्यात बुडून जावी. कर्णा हे काम आयुष्यभर करत आले होते, आणि एकाही बागायतदाराचं कानातलं त्यांच्या तोंडून फुटलेलं नव्हतं. एवढ्या बडबडीत हे कोणाच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं.

संसदेत त्यांना संरक्षण समिती मिळाली. हा मोठा मान समजला जातो. पण पक्षाच्या प्रतोदांचा हिशोब वेगळा होता. ती समिती बंद दाराआड बसते. तिथे हे गृहस्थ कितीही बोलले तरी बाहेर ऐकू येणार नाही.

कर्णेसाहेबांनी मात्र समिती मनावर घेतली. जाड जाड अहवाल घरी आणून ते जेवणाच्या टेबलावर पसरत. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या वहिनी, टपाल कार्यालयात खिडकीवर काम करत. सरकारी भाषा त्यांना पोटापाण्यासाठी रोजच समजून घ्यावी लागायची.

"अगं, हे 'अखर्चित तरतूद' म्हणजे काय?"

"पैसे दिले होते, ते खर्चच केले नाहीत."

"मग चांगलंच की. वाचले."

"मी तुम्हाला छत्री आणायला पैसे दिले, तुम्ही छत्री आणली नाही, आणि मी भिजत घरी आले. तर मी तुम्हाला काय म्हणेन?"

कर्णेसाहेबांनी जरा विचार केला. वहिनी काय म्हणतील याचा त्यांना अनुभव होता. पुढच्या बैठकीत त्यांनी संरक्षण सचिवांना थेट विचारलं, "छत्र्या का आणल्या नाहीत?" सचिवांनी सोबतच्या कागदांत छत्र्या शोधल्या. सापडल्या नाहीत. इतिवृत्तात नोंद झाली, 'सदस्यांनी अखर्चित तरतुदीविषयी विचारणा केली.' पण सीमेवरच्या चौक्यांसाठी मंजूर झालेले आणि विकतच न घेतलेले गरम हातमोजे त्या छत्रीपायी बाहेर आले, आणि पुढच्या थंडीच्या आत चौक्यांवर पोचले. समितीत निवृत्त सेनाधिकारी होते, परराष्ट्र धोरणावर पुस्तकं लिहिलेले विद्वान होते. त्यांच्यात बसून हा माणूस 'हे कशाला?' आणि 'ते कुठे गेलं?' एवढंच विचारायचा. समितीच्या अध्यक्षांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी एकदा चहाच्या वेळी सांगितलं, "तुमचा प्रश्न आला की मी खुर्ची पुढे ओढते. उत्तर आलं की मागे."

आता कोठाराची गोष्ट. आमच्या शहराच्या मागे टेकडी आहे आणि टेकडीमागे सैन्याचं दारूगोळ्याचं कोठार होतं. कुंपणाला लागून तळवस्ती. कुंपण आधी की वस्ती आधी, यावर आमच्याकडे कोणालाही कधीही भांडता येतं. तळवस्तीतली माणसं उन्हाळ्यात कोठाराकडे तोंड करून झोपत नसत. तिथला माल जुना झालाय आणि उन्हात तापतो, असं प्रत्येकाला कोणाकडून तरी कळलेलं होतं. कर्णेसाहेबांनी निवडणुकीत शब्द दिला होता, की कोठाराचा प्रश्न मी सभागृहात विचारेन. त्यांनी तो प्रश्न रीतसर दिलाही. तारांकित म्हणून मान्य झाला, म्हणजे मंत्र्यांना उभं राहून तोंडी उत्तर देणं भाग होतं. तारीख लागली. बाजार समितीने चौकात मोठा पडदा लावायचं ठरवलं.

आदल्या दिवशी मोठ्या बाईंनी समिती बोलावली. तिथे काय झालं ते पुढे मंत्रालयाने स्वतःच जाहीर केलं, म्हणून लिहिता येतंय.

खोलीला खिडकी नव्हती. फोन बाहेर लाकडी खणांत ठेवलेले. भिंतीवर नकाशा, आणि नकाशाजवळ एक अधिकारी, ज्याचे बूट त्याच्यापेक्षा जास्त बोलके होते.

"तुमचा उद्याचा प्रश्न चांगला आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "म्हणून तर पंचाईत आहे."

अधिकाऱ्याने सांगितलं ते थोडक्यात असं: लोक म्हणतात ते खरं आहे. जुन्या गोळ्यांमधली दारू उष्णतेने बिघडते आहे. माल हलवायला सुरुवात झाली आहे, दिवसाढवळ्या, फर्निचरच्या गाड्यांमधून, इतर गाड्यांसारखाच. बाहेर जायला रस्ता एकच, तुमच्या बाजारावरून.

"फर्निचरच्या गाड्या?" कर्णेसाहेब म्हणाले. "परवा त्यातलीच एक आमच्या बाजाराच्या फाटकात अडकली होती. मी ड्रायव्हरला वाटेल ते बोललो."

"त्याने तसं कळवलं आहे," अधिकारी म्हणाला.

बाईंनी पुढचं सांगितलं. उद्या प्रश्न विचारला गेला तर मंत्र्यांना सभागृहात खोटं बोलता येणार नाही. 'होय, हलवतो आहोत' एवढं म्हटलं, की कुठल्या रस्त्याने हे शोधायला नकाशाही लागत नाही. मग एक तर वाईट हेतूची माणसं त्या गाड्यांची वाट बघतील, नाहीतर आपलीच माणसं घाबरून रस्ता अडवतील. गाडी उन्हात उभी राहिली तर पुढे काय होईल हे अधिकाऱ्याने सांगितलं नाही. त्याने नुसता नकाशावर बाजाराभोवती हात फिरवला.

"आणि मी विचारलाच नाही तर?"

त्या सभागृहाचा नियम साधा होता. नाव पुकारल्यावर सभासदाने प्रश्न विचारला नाही तर प्रश्न बाद, आणि उत्तराची फाइल बंदच राहते.

"तुमच्यावर सक्ती नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "विचारणं हा तुमचा हक्क आहे. तो काढून घ्यायचा अधिकार मला नाही, आणि असता तरी वापरला नसता."

"सगळा माल कधी निघेल?"

"पुढच्या उन्हाळ्याच्या आत."

"निवडणूक त्याच्याआधी आहे."

"मलाही लढवायची आहे," बाई म्हणाल्या. "माहीत आहे मला."

कर्णेसाहेब नकाशाजवळ गेले. सगळ्यात वाईट माल कुठल्या शेडमध्ये आहे, असं त्यांनी विचारलं. अधिकाऱ्याने तळवस्तीला लागून असलेल्या शेडवर बोट ठेवलं. ती शेवटी रिकामी होणार होती. वाट अरुंद, गाडी वळत नाही, तांत्रिक अडचण.

"ती आधी."

"तसं नियोजनात—"

"साहेब, भाव वाढवायला समोरच्याच्या तोंडावर अजून जागा आहे की नाही, हे बघण्यात माझा जन्म गेला. तुमच्या तोंडावर जागा आहे."

अधिकाऱ्याने मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी खुर्ची पुढे ओढली. ती शेड आधी रिकामी करायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या चौकात उभं राहायला जागा नव्हती. पडद्यावर सभागृह दिसत होतं. सभागृहाच्या अध्यक्षांनी कर्णेसाहेबांचं नाव घेतलं. ते उठले. अध्यक्षांनी सवयीने 'थोडक्यात विचारा' असं सांगायला तोंड उघडलं होतं.

"विचारत नाही," कर्णेसाहेब म्हणाले आणि बसले.

अध्यक्षांचं तोंड तसंच राहिलं. चौकात कोणाला वाटलं पडद्याचा आवाज गेला, म्हणून तारा हलवून पाहिल्या. आवाज ठीक होता.

गप्प बसण्यासाठी आपल्या भाषेत जितके वाक्प्रचार आहेत ते सगळे त्या संध्याकाळपर्यंत कर्णेसाहेबांवर खर्च झाले. मूग गिळले, मिठाची गुळणी धरली, दातखीळ बसली, तोंडात बोळा कोंबला. शेवटी लोक नुसते 'हं' म्हणू लागले.

त्यातच फोनचा घोटाळा झाला. बाजारातला मापाडी हा कर्णेसाहेबांचा जुना जोडीदार. त्याला एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून तो फोन मोठ्या आवाजावर ठेवून बोलायचा. दुसऱ्या सकाळी चहाच्या टपरीवर त्याने फोन लावला.

"कर्ण्या, हे काय केलंस?"

"कानातलं मिळालंय," पलीकडून आवाज आला. "आता पुढे काही विचारू नकोस."

मापाड्याला सगळं कळलं. त्याने फोन ठेवला आणि चहा संपवला. पण शेजारच्या बाकावर शहरातले एक सराफ चहा पीत होते. कानातलं या शब्दाचा सराफाच्या लेखी एकच अर्थ होतो, आणि तो तोळ्यात मोजतात.

"माझ्याकडून तर नेलं नाही," ते दुकानात येऊन म्हणाले. "म्हणजे राजधानीतूनच आलं असणार."

झालं. मंत्र्यांनी वहिनींना सोन्याचं कानातलं दिलं आणि कोठाराचा प्रश्न विकत घेतला, ही गोष्ट दुपारच्या जेवणाच्या आत शहरभर झाली. संध्याकाळी त्यात हिरेही बसले होते.

टपाल कार्यालयाच्या खिडकीवर रांग लागू लागली. ज्यांनी वर्षानुवर्षं कोणाला दोन ओळी लिहिल्या नव्हत्या ते तिकिटं घ्यायला येत आणि तिकिटांऐवजी वहिनींच्या कानांकडे बघत. वहिनींच्या कानांत लग्नापासूनच्या साध्या ठिपक्याएवढ्या कुड्या होत्या. ह्याच त्या, असं ठरलं. वहिनींनी त्या काढून ठेवल्या. लपवल्या, असं ठरलं. मग त्यांनी त्या परत घातल्या आणि रांगेतल्या माणसाला शांतपणे विचारलं, "तिकीट किती रुपयांचं देऊ? की डावा कान बघून झाला, उजवा दाखवू?" टपाल खात्याने त्या महिन्यात चांगल्या कामगिरीबद्दल आमच्या कार्यालयाला प्रशस्तिपत्र दिलं.

घरी त्यांनी काही विचारलं नाही. कर्णेसाहेबही बोलले नाहीत. म्हणजे भाज्यांचे दर, शेजाऱ्यांची मोटार, हवेतला उकाडा यांवर जेवण होईपर्यंत बोलले.

निवडणूक आली. वकिलांनी या वेळी भाषणांवर भर दिला नाही. त्यांनी भिंती भरून पोस्टर लावलं. त्यावर एक भलंमोठं कर्णफूल, बाकी अक्षर नाही. अक्षर नसल्यामुळे तक्रार कशाची करायची हेही कळेना.

मापाडी रागावला की कर्णेसाहेबांना साहेब म्हणायचा. तो घरी आला आणि उभाच राहिला.

"साहेब, कोठाराचं सांगू नका. फक्त आपल्या शब्दाचा अर्थ सांगू द्या मला. कानातलं म्हणजे कानात सांगितलेलं. एवढं बोललो की वहिनी सुटतील, तुम्ही सुटाल."

"आणि मग लोक काय विचारतील?"

"काय विचारतील?"

"कानात काय सांगितलं, हे विचारतील. मी म्हणणार, ते सांगता येत नाही. म्हणजे कोठाराबद्दल सांगण्यासारखं काहीतरी आहे. व्यापाऱ्याला एवढं कळलं की तुझ्या-माझ्या हातात काय उरतं? बाकीचं तो स्वतः काढतो."

मापाड्याने सगळं आयुष्य त्याच बाजारात काढलेलं. 

"पडाल," तो म्हणाला.

"पडेन. तू बस आधी. उभा राहिलास की तुझ्या काट्यासारखा हलतोस."

शेवटची सभा तळवस्तीच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला झाली. माणसं बरीच आली होती, पण ऐकायला नाही. कपड्यांना इस्त्री करणाऱ्या एक बाई पुढे आल्या. त्यांचं घर कुंपणाला लागून होतं.

"आमची पोरं त्या भिंतीला पाठ लावून झोपतात," त्या म्हणाल्या. "तुला मत दिलं होतं ते आमच्यासाठी तोंड उघडायला. बायकोचे कान भरायला नाही."

लोक हसले. कोणीतरी शिट्टी मारली. कर्णेसाहेबांनी माइक तोंडाजवळ नेला, आणि त्याच वेळी गर्दीमागे हॉर्न वाजला. फर्निचरची गाडी होती. सभा रस्त्यावर आली होती, गाडीला पुढे जायला जागा नव्हती, वर ऊन होतं. लोक तिच्याकडे बघतही नव्हते. त्यांना उत्तर हवं होतं. आमच्यापैकी पुढे उभे असलेल्यांना आठवतंय, की कर्णेसाहेबांचा चेहरा एकदम पांढरा पडला. आम्ही त्याचा अर्थ अपराधीपणा असा लावला. चेहरा वाचण्यात आम्ही तसे हुशार.

"ताई, तुमचं बरोबर आहे," ते माइकवर म्हणाले. "पण आधी गाडीला वाट द्या. मग मला काय बोलायचं ते बोला. सरका, सरका, त्या बाजूला व्हा. मधे कोणी थांबू नका."

तो लिलावातला आवाज होता, बाजार हलवणारा. लोक पुटपुटत बाजूला झाले. गाडी हळूहळू निघून गेली, इस्त्रीवाल्या बाईंच्या पदराला जवळजवळ घासून. ती वळणाआड जाईपर्यंत कर्णेसाहेब तिच्याकडे बघत राहिले. मग खुर्चीवर बसले आणि राहिलेल्या शिव्या शांतपणे ऐकून घेतल्या. त्या गाडीत लाकडी कपाटं होती की दुसरं काही, हे नंतरही कोणी सांगितलं नाही. त्यांनाही ते माहीत नव्हतं. जाणारी प्रत्येक गाडी तीच असेल असं धरून तो माणूस वर्षभर त्या रस्त्याकडे बघत होता.

ते पडले. चांगलेच पडले, आणि सगळ्यात जास्त तळवस्तीत. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते बाजारात हजर होते. कोणीतरी खोचकपणे विचारलं, "काय, आवाज परत आला का?" त्यावर त्यांनी त्या माणसाचा माल आधी पुकारला, आणि चांगल्या भावाने विकून दिला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मंत्रालयाने जाहीर केलं, की कोठार रिकामं झालं आहे. काय हलवलं, कसं हलवलं, कोणत्या गाड्यांतून, समितीत कधी चर्चा झाली, वस्तीलगतची शेड आधी का रिकामी केली, सगळं. सभासदांची नावं त्यात नव्हती. 'स्थानिक सदस्यांच्या आग्रहावरून' एवढेच शब्द होते. नव्या सभासदांनी, म्हणजे वकिलांनी, हे आपल्या पाठपुराव्याचं फळ असल्याचं पत्रक काढलं. पण समितीची तारीख छापलेली होती, आणि स्थानिक सदस्य तेव्हा कोण होते हे आठवायला फार डोकं लागत नव्हतं.  त्या सकाळी आमच्या शहरात दोन माणसं भेटली की एकमेकांकडे न बघता घड्याळाकडे बघत.

सगळ्यात आधी सराफ त्यांच्या घरी गेले. मग मापाडी आला, मग इस्त्रीवाल्या बाई, आणि मग अंगण भरेपर्यंत माणसं. काय बोलायचं ते कोणीच ठरवून आलं नव्हतं.

"कानातलं म्हणजे," सराफ चाचरत म्हणाले, "मला वाटलं... म्हणजे आमच्या धंद्यात..."

"तुमच्या धंद्यात तुम्ही बरोबरच होतात," कर्णेसाहेब म्हणाले. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. लोक आपल्याकडे इतके गप्प राहून बघताहेत याची त्यांना सवय नव्हती.

"एक विचारू का?" इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या. "वहिनींना तरी सांगितलं होतं ना?"

"नाही," कर्णेसाहेब म्हणाले. त्यात थोडा अभिमान होता, आणि तो असायला हरकत नव्हती. "हिलासुद्धा नाही."

वहिनी कामावर जायला निघाल्या होत्या. खांद्याला पिशवी, पायांत चपला. त्या दारात थांबल्या.

"यांना वाटतं, यांनी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "मी विचारलं नाही."

"तेच ते, वहिनी," मापाडी म्हणाला.

"तेच ते कसं? तुम्ही ओळखता ना यांना? बाजारात कोणी कितीही डिवचलं तरी हे फुटत नाहीत. पण घरी मी नुसतं म्हटलं असतं, 'अहो, खरं काय ते मला सांगा,' की सगळं सांगून मोकळे झाले असते. नकाशासकट." त्यांनी पिशवी सारखी केली. "खिडकीवर उभी असायचे तेव्हा रोज वाटायचं, आज घरी गेले की विचारायचंच."

सगळ्यांनी कर्णेसाहेबांकडे पाहिलं.

"सांगितलं असतं," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी."

"म्हणून," वहिनी म्हणाल्या. "चला, मला उशीर होतोय. चहा केलाय, सगळ्यांना पुरेल. कप मात्र धुऊन ठेवा."

त्या माणसांमधून वाट काढत गेल्या आणि फाटक लावून रस्त्याला लागल्या. अंगणात खुर्च्या होत्या, कट्टा होता, पायऱ्या होत्या. तरी बराच वेळ कोणी बसलं नाही.